अर्नुल्फोचे सात कोंबडे

एल बेखूको गावात नदी दर दोन-तीन वर्षांनी घरात शिरायची, तरी नूबिस मर्कादोचं कुणी मनावर घेत नव्हतं. पूर समितीनं तिला नारिंगी बंडी आणि भोंगा दिला होता. बंडी घालून ती दारोदार सांगत फिरायची, कागदपत्रं प्लास्टिकात बांधा, डुकरं उंचावर न्या, नदीचा बांध फुटायच्या आत टेकाडावरच्या शाळेत या. लोक कॉफी पाजायचे आणि भोंगा वाजवून बघायचे.

त्या मंगळवारी सकाळीच बांधाला चीर पडली आणि पाणी आत येऊ लागलं. दहा वाजेस्तोवर सगळं गाव शाळेत चढलं. एकटा अर्नुल्फो राहिला. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, घर नदीच्या पार तोंडाशी. तो नूबिसच्या लेकीचा धर्मबाप, म्हणून ती त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे.

नूबिस होडी घेऊन पोचली तर म्हातारा खांबांना टांगलेल्या झोळीत झुलत होता.

"उठा कोम्पाद्रे. दुपारपतुर घर पाण्यात जाईल."

"नदी मला वळखती."

"वळखती म्हणूनच आधी तुमच्याकडं येनार."

"आन् ह्यांचं काय?" त्यानं पडवीकडं बोट केलं. तिथं लढाईचे सात कोंबडे एकेका पायाला दोरी बांधून उभे होते. "शाळंत एकमेकाची तोंडं बघितली की रक्त काढतील. मी न्हाई येत."

नूबिसनं वाद घातला नाही. एकेक कोंबडा पोत्यात घातला आणि होडीत ठेवू लागली.

"कोमाद्रे, तो लाल खाली ठेव."

"न्हाई ठेवत."

"चोरी हाय ही."

"हाय. बोंबला."

सातवा उचलला तसा अर्नुल्फो झोळीतून उतरला, अंगणातल्या कमरेएवढ्या पाण्यातून आला आणि कोंबडे काढून घ्यायला होडीत चढला. नूबिसनं वल्हं मारलं.

शाळेत सात कोंबड्यांना सात आडोसे लागले. त्यासाठी मास्तरांची खोली गेली, आणि बायाबापड्या ओसरीत दाटीवाटीनं बसल्या. बारा वाजता बांध फुटला. खिडकीतून अर्नुल्फोच्या घराचं नुसतं छप्पर दिसत होतं.

"तुझ्या बापानं कवा कुनाची कोंबडी चोरली नव्हती," अर्नुल्फो म्हणाला.

"बापाला समितीत कुनी घेतलं नव्हतं."

महिन्यानं पाणी ओसरलं. नूबिस पुन्हा दारोदार फिरली, विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका म्हणून. अर्नुल्फो चिखल उपसता उपसता हसला. आजा-पणजा तेच पाणी प्यालेले.

"तुम्ही प्या खुशाल," नूबिस म्हणाली. "पर कोंबड्यांना देऊ नगा. हगवन लागली की पिसं झडत्यात, लढायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चुलीवर सकाळ-संध्याकाळ हंडा चढला. निवलं की आधी कोंबड्यांना. मग हंड्यात उरेल ते म्हातारा प्यायचा, उकळायला लाकडं खर्ची पडलीत म्हणून.