तळघरातले दोन तितर

ग्रीसमधल्या मेलिसोवूनी गावात ज्याच्या त्याच्या घराखाली काहीतरी आहे आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. कुणाची विहीर खणताना खांबाचा तुकडा लागला, कुणाच्या गोठ्याचा उंबरा म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची कबरशिळा. पुरातत्त्व खात्याला कळलं की खात्याचे लोक येतात, दोऱ्या बांधतात, आणि मग त्या जागेत तुम्हाला कोंबड्यांचं खुराडंही बांधता येत नाही. म्हणून शहाणा माणूस आधी सिमेंट ओततो आणि मग क्रूसाची खूण करतो. बार्बा-थोमास, गावातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात तोंडाळ गडी, कॉफीच्या दुकानात बसून तरण्यांना सांगायचा, "गाडलेलं आहे ना? मग गाडलेलंच राहू द्या. गप ऑलिव्ह झोडा."

गारिफालियाने चाळीस वर्षं हेच केलं. मग एकदा तिचं तोंड उघडलं, आणि तेही जिच्यावर जीव टाकला अशा पोरीपुढे.

गारिफालिया खापऱ्या धुणारी होती. गावावरच्या टेकडीत जुनं शहर पुरलेलं आहे, तिथे दर उन्हाळ्यात विद्यापीठाची माणसं उकरायला येत. ती निघालेली खापरं टोपल्या भरभरून खाली पाठवत आणि तुतीच्या झाडाखाली बायका घमेली मांडून, दात घासायच्या ब्रशने एकेक खापरी घासत बसत. हे काम कुणालाही येतं. पण गारिफालियाला जोड दिसायचा. भरतकामावर वाढलेला डोळा तो. मंगळवारी धुतलेली खापरी हातात घेऊन ती म्हणायची, "हिची बहीण गेल्या गुरुवारच्या चाळणीत आहे." आणि असायची. प्राध्यापक मंडळी पुस्तकं उघडून डोकं खाजवत बसत आणि शेवटी म्हणत, "फालियाला विचारा." सव्वीस उन्हाळे तिने हे केलं. तिचं नाव कुठल्याच पुस्तकात आलं नाही; एका पुस्तकातल्या फोटोत तिचे हात आले आहेत, मनगटापर्यंत.

तिला मूलबाळ नव्हतं. शेजारणीची मुलगी अर्गिरो, तिला बाप्तिस्म्याच्या तेलातून गारिफालियानेच उचलून घेतलं, म्हणजे ती तिची नोना झाली. आमच्याकडे नोना म्हणजे दुसरी आई, आणि पुष्कळदा पहिलीपेक्षा बरी. दर ईस्टरला मेणबत्ती आणि नवे बूट नोनाकडून. पोरगी बूट घालून थेट तुतीखाली यायची आणि घमेल्यात हात घालून बसायची. आठ वर्षांची असताना तिने एक निळा काचमणी खिशात घातला. गारिफालियाने तिच्या कानाखाली वाजवली, हाताला धरून मुकादमापुढे नेलं आणि मणी त्याच्या तळव्यावर ठेवायला लावला. "सापडलं ते सांगायचं," ती म्हणाली. "खिशात घालायचं नाही. कळलं?" पोरगी रडली. संध्याकाळी मांडीवर येऊन झोपलीसुद्धा.

हीच अर्गिरो अथेन्सला शिकली आणि पुरातत्त्व खात्यात लागली. नेमणुकीचा कागद आणि मिठाईचा खोका घेऊन ती आधी नोनाकडे आली, आईकडे नंतर गेली. गारिफालियाला आनंद मावेना. पोरीला काय द्यावं? सोनं तर बाप्तिस्म्यालाच देऊन झालं होतं. मग तिने ते केलं जे नवऱ्याने, पानागोसने, मरताना करू नको म्हणून सांगितलं होतं. दिवा घेतला आणि अर्गिरोला तळघरात नेलं.

लग्नाच्या वर्षी दारूच्या पिंपासाठी जागा करताना पानागोसची कुदळ खणकन वाजली होती. दोघांनी माती झाडली तर खाली जुन्या घराची जमीन निघाली, रंगीत खड्यांची. समोरासमोर दोन तितर, मधे पाण्याचं भांडं. एकाचा पाय तुटलेला. दोघं बराच वेळ बघत राहिले, मग त्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर पिंप, आणि विषय संपला.

आता दोघी बायकांनी मिळून पिंप सरकवलं. गारिफालियाने ओलं फडकं फिरवलं आणि रंग उसळून वर आले. अर्गिरो गुडघ्यांवर बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"नोना, असं काम आपल्या म्युझियममध्येसुद्धा नाही गं."

"मग मी मेल्यावर ने म्युझियममध्ये. घर तुझ्याच नावावर ठेवणार आहे, काय हवं ते कर. पण मी आहे तोवर नाही."

"पनाइयाची शपथ," अर्गिरो म्हणाली आणि भिंतीवरच्या देवमाउलीच्या तसबिरीला हात लावला.

सात वर्षं ती शपथ टिकली. त्या सात वर्षांत अर्गिरो दर रविवारी जेवायला यायची आणि तळघराचं नाव दोघींपैकी कुणी काढत नसे.

मग टपालवाला पत्र घेऊन आला. सदर जागा खात्याच्या ताब्यात जाणार, मालकिणीने सहा महिन्यांत घर रिकामं करावं. गारिफालियाने तीन पानं वाचली. तिला पहिल्यांदा वाटलं, कुणी चहाडी केली असेल, अर्गिरोला सांगितलं की ती निस्तरेल. मग तिने चौथं पान उलटलं. अहवाल सादर करणारी व्यक्ती, आणि खाली नाव, सही. ती सही तिने शाळेच्या वह्यांपासून पाहिलेली होती.

मग रविवार आला. पालक भरलेली पोळी भट्टीत होती, अर्गिरोच्या आवडीची. तिने ती जळू दिली.

अर्गिरो आली तेव्हा सगळ्या घरात धूर होता.

"नोना, मी सांगणारच होते—"

"कधी? छप्पर उतरवताना?"

"ऐकून तर घे. तळघरात ओल आहे. खडे सुटायला लागलेत. तुझ्या पिंपाखाली एक अख्खा कोपरा गेलाय."

"तू कधी पाहिलास कोपरा?"

अर्गिरोची नजर हातातल्या किल्लीकडे गेली. म्हणजे गारिफालिया चर्चला गेली की ही किल्लीने दार उघडून खाली उतरत होती. मोजत होती, फोटो काढत होती. किल्ली नोनानेच दिलेली, रात्रीबेरात्री आली तर पोर बाहेर ताटकळू नये म्हणून.

"तूच शिकवलंस ना मला," अर्गिरो म्हणाली, आणि तिचा आवाज आता लहान मुलीसारखा झाला होता, "सापडलं ते सांगायचं, खिशात घालायचं नाही."

"आणि शपथ मोडायची हे कुणी शिकवलं? दोन हजार वर्षं थांबले होते ते तितर. माझ्यासाठी आणखी दहा थांबले नसते? माझ्या मरणाची एवढी घाई कुणाला झाली होती, त्यांना की तुला?"

घाई अर्गिरोला होती, हे गावाला नंतर कळलं. खात्यात वरची जागा रिकामी होणार होती आणि ती मिळायला नावावर एक मोठा शोध लागतो.

घर गेलं. आधी कौलं, मग भिंती, मग स्वयंपाकघराची जमीन. गारिफालिया चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिला वाटलं होतं गाव तरी तिच्या बाजूने उभं राहील. गाव कसलं उभं राहतंय! एका तळघरात तितर निघाले म्हटल्यावर खात्याची माणसं शेजारच्या अंगणांतून डोकावू लागली, आणि सगळ्यांनी ठरवलं की गारिफालियानेच घरभेदीपणा केला. बायका तिला पाहून खिडक्या लावून घेत. बार्बा-थोमास एकटा तिच्याशी बोलायचा, तोही टोमणा मारूनच.

"केसाने गळा कापायला परका कशाला हवा, फालिया? आपणच तेल लावून केस वाढवतो."

"कापला तो माझा गळा. तुझा शाबूत आहे ना? मग पी कॉफी."

तीन वर्षांनी ती जागा लोकांसाठी उघडली. बिशप आले, पवित्र पाणी शिंपडलं गेलं, अथेन्सहून पाहुणे आले, परदेशी विद्यापीठांची माणसं आली. अर्गिरोने आमंत्रण पाठवलं होतं, पहिल्या रांगेतल्या खुर्चीचं. गारिफालिया गेली, पण खुर्चीवर बसली नाही. इतर लोकांबरोबर ती लोखंडी पुलावरून चालत गेली आणि खाली पाहिलं.

दोनाचे चार तितर झाले होते. तिच्या चुलीखाली आणखी दोन निघाले होते, आणि भांड्यातून एक द्राक्षवेल उगवून तिच्या बिछान्याच्या जागेपर्यंत गेली होती. इतकी वर्षं ती द्राक्षांवर झोपत होती. राग होता, तरी डोळे निवले. तुटक्या पायाचा तितर नीट दिसावा म्हणून ती कठड्यावरून वाकली, तर पहारेकऱ्याने कर्रकन शिट्टी फुंकली.

"बाई, मागे! वाकायचं नाही!"

ती मागे सरली आणि समोरच्या फलकाकडे तिचं लक्ष गेलं. घर कुठल्या सावकाराचं असावं, खडे कुठून आणले, वेल कशाची खूण, सगळं लिहिलं होतं. शेवटची ओळ अशी: "वरील भागातील अलीकडचे, मूल्यहीन बांधकाम हटवण्यात आले." तिने ती ओळ दोनदा वाचली. पानागोसने त्या घराचे चिरे गाढवावर लादून आणले होते. तो मेला तोही त्याच घरात.

अर्गिरोने तिला पाहिलं. हातात माइक घेऊन ती गर्दीतून आली आणि तिने गारिफालियाच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते, हेच तर वाईट.

"मंडळी, ही माझी नोना. हे घर हिचं होतं. हिच्यामुळेच आज आपण हे पाहतोय."

सगळे वळले. कॅमेरे वळले. गारिफालियाने तो हात खांद्यावरून हळूच उचलला, टोपलीतली दुसऱ्याची खापरी बाजूला ठेवावी तसा.

"काहीतरी चूक होतेय, मॅडम," ती म्हणाली. अर्गिरोला तिने जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. "तुमच्या फलकावर लिहिलंय, इथे कुणाचं घर नव्हतं."

"नोना, ते खात्याचं... मी बदलून घेईन ती ओळ."

"राहू द्या. घरच नव्हतं, तर नोना कुठली?"

माइक चालूच होता, त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू गेलं. गावकरी जमिनीकडे पाहू लागले. गारिफालिया पुलावरून, 'बाहेरचा रस्ता' लिहिलेला बाण होता त्या दिशेने, चालू लागली. ज्यांना ग्रीक कळत नव्हतं ते पाहुणे ती दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या वाजवत होते.