मामांचे दोन फरारी

माझ्या बायकोच्या मामांइतका कायद्याने वागणारा माणूस उभ्या परळमध्ये नसेल, आणि त्यांच्याइतकी वर्षं पोलिसांना गुंगारा दिलेलाही दुसरा कोणी नसेल. गुंगारा अर्थात कागदावरचा. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मामा एक गुन्हेगारी कादंबरी लिहीत होते. एक कारकून आणि एक नर्स, एकमेकांना अनोळखी, एकाच टॅक्सीत शिरतात. ड्रायव्हर मेलेला निघतो आणि खून आपल्यावर येणार म्हणून दोघं पळत सुटतात. हे पहिल्या प्रकरणात. पुढे नऊ वर्षं ती दोघं पळतच होती. त्यांच्यामागे मामा, आणि मामी गेल्यापासून, 'मामांना एकटं सोडू नका' या बायकोच्या हुकमाने, मामांच्या मागे मी.

कारण स्वतः पाहिल्याखेरीज मामा त्या दोघांना कुठे लपवत नसत. नर्सला धाप लागेल का हे बघायला त्यांनी मला भर उन्हात शीवच्या किल्ल्यावर तीनदा चढवलं. धाप मला लागली. पण तिचं वय एकोणतीस, असं म्हणून मामांनी माझा पुरावा फेटाळला. रे रोडला लाकडाच्या वखारींमागे वाकून बघताना रखवालदाराने हटकलं, "क्या चाहिए, चाचा?" मामांना खोटं बोलता येत नाही. "छुपने का जगह," ते म्हणाले. आमची वरात पोलीस चौकीत गेली. हवालदाराने सगळी कथा ऐकली, चहा मागवला आणि विचारलं, "बाईकडे मोबाईल आहे ना? चालू? मग काका, दुसऱ्याच दिवशी उचलली असती आम्ही." महिनाभर मामांना अन्न गोड लागलं नाही. मग नर्सचा फोन खाडीत टाकून त्यांनी दोनशे पानं पुन्हा लिहिली.

शेवटी एक प्रकाशक तयार झाला, पण त्याची अट होती: कारकुनाने स्वतः सुटण्यासाठी नर्सला पकडून द्यायचं. मामा रोज सकाळी ते पान लिहीत आणि दुपारी फाडत. "तो तसा नाही हो," म्हणत. मी ऑफिसातून पार आंबून आलेला. एकदा बोलून गेलो, "मामा, द्या तिला पकडून आणि सुटा एकदाचे." ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

बायपास ठरली. शेजारच्या खाटेवर मामांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, त्यांचीही शस्त्रक्रिया त्याच दिवशी. आदल्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन आला: दोन्ही पेशंट गायब! शोधत शोधत मी दुपारी प्रभादेवीच्या समुद्रावर पोचलो. इस्पितळाच्या निळ्या कपड्यांत दोघं कठड्यावर बसले होते.

"हे कोण?" मी विचारलं.

"माहीत नाही," मामा म्हणाले. "पळताना नाव विचारायला सवड नसते, जावईबापू. माझी माणसं मात्र पहिल्याच पानावर ओळख करून देत बसलीत."

"मी उठलो, तर हे मागून आले," गृहस्थ म्हणाले. "घाबरले होते."

"तुम्ही घाबरला होता."

"मी पण."

मी ओरडायचं ठरवून आलो होतो. पण तेवढं त्राणच उरलं नव्हतं, त्यांच्याशेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ते गृहस्थ म्हणाले, "चला. दोघं एकदमच जाऊ." तिघं एकाच टॅक्सीत शिरलो.

मामा शस्त्रक्रियेतून बाहेर आले. ते गृहस्थ आले नाहीत. चौथ्या दिवशी मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आता नाव सांगा." मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारलं. मग प्रकाशकाला माझ्यामार्फत नकार कळवला.

दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिल्यावर, आम्ही लालबागच्या चाळीत त्या गृहस्थांच्या घरी गेलो. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्या गृहस्थांचा नवा फोटो लावलेला होता. दार उघडणाऱ्या मुलाने विचारलं, "आपण बाबांचे कोण?"

मामा म्हणाले, "आम्ही एकदा बरोबर पळालो होतो."

"म्हणजे ते तुम्हीच," मुलगा म्हणाला. "ऑपरेशन थिएटरात नेईपर्यंत बाबा तुमचंच सांगत होते. हसत होते." आणि मामांचा हात धरून त्याने त्यांना आत नेलं.