साबणातलं मोरपीस

आमच्या आणि मंजुषाच्या घरांमध्ये एका विटेची भिंत आहे. आमच्या रिठद गावात अशा भिंती पुष्कळ. भावाभावांची वाटणी झाली की घराच्या मधोमध विटा रचायच्या आणि मोकळं व्हायचं. त्या भिंतीमुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येतं, ऐकायचं नसलं तरी येतं. मी दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवत असते, आणि मशीन थांबली की हाक येते.

"मंजेऽ!"

ही मंजुषाची सासू, कस्तुराबाई. दोन वर्षांपूर्वी ओट्यावरून पडली आणि खुबा मोडला. अकोल्याला ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा धड टेकला नाही. तेव्हापासून समोरच्या खोलीत खाट आणि खाटेवर ती. पाणी दे, कूस बदलून दे, लघवीचं भांडं लाव, पंखा कमी कर, माशी बसली. दिवसातून किती वेळा ते मोजायला बसले तर माझे ब्लाउज राहून जातील.

तिच्यानंतर नंबर सासऱ्याचा. जगदेवबुवा हिंडते-फिरते आहेत, देवाच्या दयेने दातही शाबूत आहेत, पण चहा म्हटलं की तो सुनेनेच आणून हातात दिला पाहिजे. नवरा भागवत शेतात असतो, म्हणजे तो फोनवरून हाक मारतो. "लाईन आली का? पाह्य बरं. मोटर चालू कराची हाय." लाईन घरी आली म्हणून शेतात येत नाही, हे त्यालाही माहीत आहे, तरी विचारतो. मुलगी वैभवी अकोल्याला नर्सिंगला आहे, तिचा फोन रात्री.

मला हे सगळं ऐकून राग येतो. मंजूला राग येत नाही, तिला फक्त थकवा येतो. बेचाळिशीची बाई, पण बसली की अशी बसते जणू कोणी पोतं टेकवून ठेवलं आहे.

अशा बाईने साबण करायला घेतला, हेच मला आधी पटेना. मागच्या दिवाळीत वैभवी घरी आली आणि मोबाईलवर आईला एका बाईचा साबणाचा व्हिडिओ दाखवत बसली. तेल आणि कॉस्टिक सोडा, चुलीवर चढवायचंच नाही, नुसतं फेटायचं. मग त्याचे दोन-तीन वाटे करून रंग घालायचे, पेटीत एकावर एक ओतायचे आणि काडीने नक्षी ओढायची. दुसऱ्या दिवशी कापलं की प्रत्येक वडीत वेगळी नक्षी निघते. वैभवीने रंगाच्या पुड्या, मोगऱ्याचा वास आणि फेटायचं यंत्र आणून दिलं आणि परत गेली.

"कामं काय कमी हायेत तुले?" मी विचारलं.

मंजू ओट्यावर टेकली होती. म्हणाली, "काकू, पोळी केली त खाल्ली जाते. भांडं घासलं त पुन्हा खरकटं होते. म्या दिवसभरात जे करते ते संध्याकाळपस्तोर काही राह्यत नाई. हे निदान सव्वा महिना तसंच ठेवा लागते. कोनी हात नाई लावत."

मला माझीच दिवसभराची कामं आठवली आणि मी घरात गेले.

पहिल्या वेळी तिने चूक केली. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोड्याचं पाणी कालवलं. पातेलं फसफसलं, काळं पडलं, आणि तिच्या लग्नातलं ते पातेलं मागच्या परसात उलटं पडून आहे. त्यानंतर स्टीलचं घेतलं. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यात पाणी नाही, हे ती पोथीसारखं पुटपुटायची. फवारणीचे हातमोजे घालायची, भागवतचा फवारणीचा चष्मा लावायची, आणि परसातल्या फरशीवर खोबरेल, करडईचं तेल आणि थोडं एरंडेल मांडून बसायची. एकदा घरची हळद घालून पाहिली. पिवळा रंग येईल म्हणून घातली आणि पातेल्यात सगळं लाल झालं. मला हसू आलं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे लहानपणापासून पाहिलेलं, आणि सोडा तर चुन्याचा मोठा भाऊ. वाळता वाळता त्या वड्या विटकरी झाल्या, दिसायला वाईट नव्हत्या.

पण नक्षी काही येईना.

त्याचं कारण मला भिंतीअलीकडून कळलं, तिच्या घरातल्या कोणाला कळलं नाही. ते तेल फेटता फेटता एका घडीला दाट होतं. यंत्र उचलून थेंब सोडला की वर रेघ राहते. ती रेघ दिसली की उठायचं नाही. वाटे करायचे, रंग कालवायचे, वास घालायचा, ओतायचं, काडी फिरवायची, सगळं एका बैठकीत. मोगरा पडला की तर ते झपाझप आळतं. आणि नेमकी रेघ उमटली की,

"मंजेऽ!"

ती उठून जायची. भांडं लावायचं, पुसायचं, कूस बदलायची, हात धुवायचे. परत येईपर्यंत पातेल्यात थिजलेलं पिठलं. मग ते हाताने थापून पेटीत भरायचं. कापलं की आत निळे-पांढरे गोळे दिसायचे, नक्षी नाही. असं चार-पाच वेळा झालं. एकदा सासऱ्याचा चहा, एकदा भागवतची लाईन, बाकी सगळ्या वेळा सासू.

कस्तुराबाईला एकदा एक वडी दाखवली होती. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. "नक्षी कायले पायजे? आंगाले घासली की गेली." बोलणं फटकळ, पण चूक काढायला जागा नव्हती.

फाल्गुनात भागवतने हे सगळं बंद करायचं ठरवलं. सोड्याचं पाणी निवायला ठेवलं होतं, स्टीलच्या तांब्यात. जगदेवबुवा परसात आले, तहान लागली होती, त्यांनी तांब्या उचलला. मंजूने धावत जाऊन हातावर फटका मारून पाडला. म्हाताऱ्याला काही झालं नाही, फरशीवर तेवढा पांढरा डाग आहे. पण भागवतचं तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याच्यावर चिडणार होते, पण या वेळी तोच बरोबर होता. तो सोड्याचा डबा नालीत ओतायला निघाला.

मंजू म्हणाली, "एकच खेप व्हते त्याच्यात. तेवढी करू द्या."

"आन मंग?"

"मंग बंद. पुन्हा नाई आनत."

तेव्हा तिच्या आवाजात रडं नव्हतं, भांडण नव्हतं. तो डबा घेऊन तिने माळ्यावर ठेवला आणि पोळ्या लाटायला बसली. एकदा, फक्त एकदा, मोरपिसाची नक्षी नीट यावी एवढंच तिला हवं होतं. मोबाईलमधल्या त्या बाईसारखी.

चैत्रात कुरडया आल्या. आमच्या गल्लीत कुरडया एकत्र करतात, आणि चीक शिजतो तो मंजूच्या परसात, कारण मोठं पातेलं तिच्याकडे आहे. चीक हाटायचं काम ज्या बाईचं, तिचा हात थांबता कामा नये. थांबला की गाठी. म्हणून आमच्याकडे रीतच आहे, चीक हाटणाऱ्या बाईला टोकायचं नाही. हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही, ती स्वतः बोलली तरच बोलायचं. ही रीत सगळ्यात कडक पाळायची ती कस्तुराबाई. तरुणपणी तिच्या हातचा चीक काचेसारखा असायचा, गावात नाव होतं.

त्या दिवशी मंजू चीक हाटत होती. समोरच्या खोलीत जगदेवबुवांनी चहाचं नाव काढलं, तर खाटेवरून कस्तुराबाई खेकसली. "चूप बसा! चीक हाटून राह्यली ते. तिले टोकू नका." आणि खरंच, तेवढा वेळ तिने स्वतःही पाणी मागितलं नाही.

संध्याकाळी कुरडया परसातल्या खाटेवर पसरून झाल्या. मंजू सासूच्या पायाला तेल लावत होती, मी दाराशी उभी होते. तेल लावता लावताच ती म्हणाली, वर न पाहता,

"आई, साबनाच्या वक्ताले बी असंच असते. हात थांबला की गेलं. तो चीक असता त तुमी हाक मारली नसती."

कस्तुराबाई म्हणाली, "चीक पोटात जाते, माय. साबन नालीत जाते."

"हाव," मंजू म्हणाली आणि दुसरा पाय घेतला.

मला त्या म्हातारीला चार शब्द ऐकवावेसे वाटले. पण तेल लावणारीनेच हाव म्हटलं, मग मी कोण? घरी आले आणि एका ब्लाउजची बाही उलटी शिवली.

नंतरच्या आठवड्यात जऊळक्याला नात्यातलं लग्न निघालं. भागवत बापाला मोटरसायकलवर मागे बसवून सकाळीच गेला. आदल्या दिवशी मंजूने मला भिंतीवरून सांगितलं, "काकू, उद्या दुपारी करते म्या ते शेवटचं. तुमी तेवढी हाक मारू नका."

"मी कधी मारते?"

"मारता. कैचीसाठी मारता, साखरेसाठी मारता."

मी उद्याची साखर तेव्हाच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सासूला जेवू घातलं, भांडं लावून घेतलं, कूस बदलून दिली आणि परसात गेली. थोड्या वेळाने यंत्राची घरघर सुरू झाली. मी मशीन बंद केली. म्हटलं, आपला आवाज नको. घरघर थांबली. म्हणजे रेघ उमटली. आता हाक येणार. मी सुई हातात धरून बसले आणि हाकेची वाट पाहू लागले. एवढी वाट मी कधी वैऱ्याचीही पाहिली नसेल. पलीकडे पातेल्यात चमचा वाजत होता, वाटी ठेवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. हाक आली नाही. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, म्हातारीला झोप लागली, देव पावला.

आणि मग भिंतीपलीकडून मंजूच ओरडली. "काकू! या ना! लौकर या!"

मी गेले. पेटीत मोरपीस होतं. पांढऱ्यावर निळं, निळ्यात हिरवं, आणि खराट्याच्या काडीने ओढलेल्या बारीक बारीक रेघा, एक दुसरीत शिरलेल्या, कुठे तुटलेली नाही. परसभर मोगऱ्याचा वास सुटला होता. मंजू हसत होती. फवारणीचा चष्मा डोक्यावर, नाकाला निळा रंग. ती अशी हसते हे मी विसरूनच गेले होते.

"आईले दाखवते," ती म्हणाली, आणि पेटी दोन्ही हातांत धरून सांभाळत सांभाळत आत गेली. मी मागोमाग.

खोलीत शिरल्याबरोबर दुसरा वास आला.

कस्तुराबाई जागी होती. तोंड भिंतीकडे. लुगडं ओलं, गोधडी ओली, खाटेखाली फरशीवर थारोळं झालं होतं. तिने दोन्ही हातांनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला होता. दोन वर्षं खाटेवर पडलेली बाई, पण आजवर कधी गोधडी ओली होऊ दिली नव्हती. त्यासाठीच तर त्या सगळ्या हाका असायच्या.

मंजू पेटी घेऊन तशीच उभी राहिली.

"आई, काहून हाक नाई मारली?"

मंजूने पेटी ट्रंकेवर ठेवली, जवळ गेली आणि पुन्हा विचारलं. तेव्हा पदराच्या आतून आवाज आला.

"चीक हाटत्या बाईले टोकू नये."

मला माझे ते न बोललेले चार शब्द आठवले. मंजूने पाणी गरम केलं. मी म्हातारीची पाठ धरली, तिने लुगडं सोडवलं, अंग धुतलं, पुसलं, धुतलेलं लुगडं नेसवलं, गोधडी बदलली. साबण रोजचाच, लाल वडी. ट्रंकेवरचा तो मोरपिसाचा सव्वा महिना तरी अंगाला लावता येणार नव्हता. सगळं होईपर्यंत कस्तुराबाईने डोळे उघडले नाहीत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ते आम्हा दोघींना दिसत होतं.

शेवटी मंजू खाटेच्या कडेला बसली. पोतं टेकवल्यासारखीच बसली.

"हाक मारत जा, आई," ती म्हणाली. "मले राग नाई येत. नक्षी काय, पुन्हा करता येते."

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या; राग येत नाही हे तर आजवर मलाही खरं वाटायचं. सोडा संपला होता, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

थोड्या वेळाने कस्तुराबाईने डोळे उघडले. "आली का तुही नक्षी?"

"आली."

"दाखव."

मंजूने पेटी उचलून तिच्यापुढे धरली. म्हातारीने बोट पुढे केलं, लावलं नाही. बराच वेळ पाहिलं. "घासली त मिटन का?"

"नाई. शेवटच्या चिपेपस्तोर राह्यते."

"बरी हाय," कस्तुराबाई म्हणाली आणि कूस बदलून मागितली.

संध्याकाळी भागवत आला. दोरीवर गोधडी पाहिली, ट्रंकेवर पेटी पाहिली. "संपला सोडा?" एवढंच विचारलं. मंजू म्हणाली, "संपला." त्याने नवा डबा आणला नाही, आणि आणायचा नाही असंही पुन्हा म्हणाला नाही. वड्या कापून फळीवर ठेवल्या आहेत, वाळताहेत.

त्या दिवसापासून एक मात्र झालं. कस्तुराबाई हाक मारते, पण इतकी हळू की मी मशीन थांबवली तरी मला ऐकू येत नाही. भिंतीपलीकडून मंजूचं "आले, आई" तेवढं ऐकू येतं.