अकरा वातींचं घरकुल

फुलपुडीचा दोरा कुणी मुद्दाम साठवत नाही. पुडी सोडायची, दोरा देवघराच्या खणात टाकायचा. एक दिवस खण उघडला की गुंडाच निघतो! पंचायतीचे किस्से माझ्याकडे असेच जमलेत. पाच वर्षं मी आमच्या गावची ग्रामपंचायत सदस्य होते.

आमच्या भजनी मंडळातल्या बायका टाळ खाली ठेवले की म्हणतात, "वहिनी, पंचायतीचं सांगा की!" मी सांगते. त्या हसतात. मीही हसते. फक्त घरी परतताना माझे कान गरम झालेले असतात.

*

आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली. मी निवडणुकीला उभी आहे, हे मला पिठाच्या गिरणीवर कळलं.

गिरणीवाली म्हणाली, "वहिनी, निशाणी काय घेतली?"

"कशाची?"

"अवो, इलेक्शनला उभ्या हाय ना तुमी!"

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "अरे हो, तुला सांगायचं राहिलंच! पण परवा सही केलीस की तू."

केली होती. मला वाटलं, गॅसच्या नंबराची असेल!

मी बिनविरोध निवडून आले. हार ह्यांच्या गळ्यात पडला आणि पेढे मी वाटले.

*

पहिलं वर्षभर मी मीटिंगला गेलेच नाही. शिपाई किसनभाऊ ठरावाचं बुक घरी घेऊन यायचे. माझे हात पिठात. एक बोट पुसायचं आणि सही करायची.

"काय आहे हो ह्यात?"

"काय न्हाई वहिनी, नेहमीचंच."

एकदा तालुक्याहून तपासणीला साहेब आले. बुक चाळताना एका पानावर थांबले. "हा पिवळा डाग कसला?"

तो माझ्या बेसनाचा होता. आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब जागचे हलले नाहीत. म्हणाले, "साहेब, महिला सदस्यांचा सक्रिय सहभाग!"

*

त्या तपासणीनंतर बायकांनी स्वतः हजर राहायचं ठरलं. मी जायला लागले. तेव्हा माझा लक्ष वातींचा नेम चालू होता, म्हणजे एक लाख वाती वळायच्या आणि देवापुढं लावायच्या. मी पिशवीत कापूस घेऊनच जायची. पुरुष बोलायचे, मी वाती वळायची.

घड्याळ मला दिसायचं नाही, पण कुठला विषय किती चालला ते वातींवरून कळायचं. रस्ता रुंद करायचा विषय निघाला, त्या दिवशी माझ्या चारशे वाती झाल्या. कुणाचा ओटा जातो, कुणाची पायरी जाते, कुणाच्या गोठ्याचा कोपरा जातो, नुसता आरडाओरडा!

त्यानंतर घरकुलाचा विषय. म्हणजे ज्यांना राहायला धड घर नाही त्यांना सरकारी घर. गावात एकच मंजूर झालं होतं.

तो विषय अकरा वातींत संपला.

मी घरी येऊन डबा भरला आणि मनात म्हटलं, आज चांगल्या झाल्या हो वाती! तेव्हा मला असंच वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

*

चातुर्मासात मी अनवाणी चालण्याचा नेम धरला. मारुतीच्या गल्लीचं डांबरीकरण आदल्या वर्षी झाल्याचं बुकात होतं, खाली माझीच सही. पण पायाला डांबर लागेना, नुसती खडी!

हिय्या करून मी मीटिंगमध्ये म्हटलं, "त्या गल्लीत खडी लई टोचते हो."

सरपंच हात जोडून म्हणाले, "वहिनी, नेम तुमी धरलाय. चपला घाला, मंग बघा रस्ता कसा झ्याक लागतो!"

सगळे हसले. मीही हसले. आणि पुढची वात घेतली.

*

आता रस्त्याच्या रेघेचं सांगते.

तालुक्याचे ओव्हरसियर फक्कीचं घमेलं घेऊन आले आणि पांढरी रेघ मारत निघाले. आमच्या दारापुढं येऊन थांबले. रेघ बरोबर आमच्या तुळशी वृंदावनावरून जात होती.

सरपंच पुढं झाले. "साहेब, तुळस हाय. वहिनींचा लाखाचा नेम चालू हाय. देवाच्या कामात अडचण नको."

साहेब म्हणाले, "मग रेघ पलीकडं सरकवावी लागेल. त्या बाजूला काय आहे?"

सरपंच म्हणाले, "त्या बाजूला काय न्हाई."

त्या बाजूला सुंदराबाई दारात भांडी पालथी घालत होत्या. जुने पत्रे, वर प्लास्टिकचा कागद, आणि आत त्या आणि त्यांची दहावीतली पोर. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. टोमॅटो तोडायला जायच्या, कधी कांद्याला. बौद्ध घर, आत बुद्धांची तसबीर, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून वंदना. पंधरा वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो.

रेघ त्यांच्या उंबऱ्यावरून गेली.

आणि मी काय केलं? तुळस वाचली म्हणून साजूक तुपातला शिरा केला! साहेबांना दोनदा वाढला. सुंदराबाईंनी समोरून बघितलं आणि शेवटची कळशी पालथी घातली.

*

अकरा वातींत घरकुल कुणाला मिळालं होतं ते मला नंतर कळलं. सरपंचांच्या मेव्हण्याला! त्यांचं घर स्लॅबचं. म्हणून अर्जासाठी त्यांचा फोटो गोठ्यापुढं काढला. फोटोत म्हैसही आली.

भाऊसाहेब फोटो बघून म्हणाले, "म्हैस तर चांगली दिसतीय राव."

मेव्हणे म्हणाले, "ती पावण्यांची हाय!"

*

यादी ग्रामसभेत वाचली गेली, तेव्हा श्रावणातला सोमवार होता. मी मुके सोमवार धरते. सकाळच्या अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मग दिवा लावून सोडायचा.

भाऊसाहेबांनी मेव्हण्यांचं नाव वाचलं. मागून सुंदराबाई उठल्या. "माझा अर्ज व्हता की."

सरपंच म्हणाले, "घरकुलाला सोताची जागा लागती बाई. तुजी जागा रस्त्यात गेली. आमी काय करणार?"

सुंदराबाईंनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या सभेत फक्त माझ्याकडं. ती रेघ कुणासाठी सरकली, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

"वहिनींचं मौन हाय," सरपंच म्हणाले. "म्हंजी हरकत न्हाई. लिवा भाऊसाहेब, सर्वानुमते."

*

त्या संध्याकाळी सासूबाईंना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, नेम पाळला म्हणून पाठीवर हात फिरवतील.

त्या जप करत होत्या. माळ थांबली. "सोमवारी घराला आग लागली असती, तर वरडली असतीस का गं?"

"ओरडले असते की."

"मंग," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा माळ ओढू लागल्या.

मला त्या दिवशी उपास सोडवेना.

*

यादी पक्की करायची सभा पुन्हा लागली. श्रावणातला शेवटचा सोमवार! निरोप घेऊन आलेले किसनभाऊ दारातच घुटमळले.

"वहिनी, एक बोलू? सभा सोमवारीच का लावली, म्हाईत हाय? सरपंच म्हनले, सोमवारी वहिनींची कटकट नसती."

मी हातातला कापूस खाली ठेवला. कटकट! मी कधी केली होती हो?

*

सोमवारी सभेला गेले. कापूस नेला नाही. यादी वाचली. तेच नाव. "कुणाची हरकत?" सरपंचांनी विचारलं आणि माझ्याकडं बघून हसले.

मी उठले. सकाळपासून बंद असलेला घसा, आवाज घोगराच निघाला.

"माझी हरकत आहे. रेघ होती तिथं सरळ करा. तुळस माझी आहे, मी आजच हलवते. मग सुंदराबाईंची जागा राहते. त्यांचं नाव घाला."

मागून एक म्हातारी किंचाळली, "अगं बया, सोमवार मोडला!"

नावाचं कुणाला काही नव्हतं, सगळ्यांना माझ्या सोमवाराचंच पडलेलं. आमचे हे पंख्याकडं बघत बसले.

सरपंच म्हणाले, "वहिनी, दोष लागंल. बसा."

"लागू द्या."

"बरं, मंग तिलाच इचारू. सुंदराबाई, उठ. तुजी मागणी तोंडानं सांग, लिवून घ्यायचीय. बोल!"

सुंदराबाई उठल्या. माझ्याकडं बघितलं. आणि ओठांवर बोट ठेवलं.

सभेत हशा पिकला. "घ्या! आता हिचाबी सोमवार!"

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. माझंच बोट त्यांनी मला सगळ्यांदेखत परत केलं होतं. आणि ते बरोबरच होतं. सरपंचांनी पुन्हा पुन्हा विचारलं, त्या बोलल्या नाहीत. शेवटी गिरणीवालीनं हात वर केला. "लिवा की माझं! तिचं नाव घाला!" मग तिच्या शेजारणीनं हात वर केला, मग भजनी मंडळानं, मग अख्ख्या मागच्या रांगेनं. भाऊसाहेबांना मोजावे लागले, आणि नाव घालावं लागलं.

मी खाली मान घालून घरी आले. तुळस मुळासकट काढून तेलाच्या डब्यात लावली आणि परसात नेली.

दिवेलागणीला सुंदराबाई आल्या. पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "आत या." उत्तर नाही. "चुकलं हो माझं. त्या सोमवारीच बोलायला हवं होतं." उत्तर नाही. त्या नुसत्या देवघराकडं बघत होत्या. मी आपली वात घेतली, तेलात भिजवली, दिवा लावला.

तेव्हा सुंदराबाई खाकरल्या.

"लागला का दिवा? मंग बोलते आता. तुमी सभेत बोलल्या, तवापास्नं तोंड उघडलं न्हाई म्या. पोरगी भ्याली, आईला काय झालं म्हून."

"अहो, पण तुमच्यात तर सोमवार…"

"आमच्यात न्हाईच. तुमच्या देवाचं मला काय बी ठावं न्हाई. पर मोडलेल्या सोमवारावर मला घर नगं, वहिनी. ऱ्हायलेला म्या पुरा केला. आता पाणी द्या, घसा लई कोरडा पडलाय."