माझ्या हाताची म्हैस

पेसमेकर बसवला तेव्हा मला माझ्यापेक्षा म्हशीची काळजी जास्त होती. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. पण ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांना वाटेल.

त्याआधी दोन-तीनदा डोळ्यांपुढं अंधारी आली होती. उन्हाचं असेल म्हणून मी कुणाला बोलले नाही. मग एका सकाळी गोठ्यातच, चरवी हातात असताना, पडले. शुद्धीवर आले तर म्हैस माझ्या तोंडाशी तोंड आणून फुसफुसत होती. लेकानं गाडीत घालून अंथुर्ण्याहून बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके फार हळू पडतात, मधेच थांबतात, मशीन बसवावं लागेल. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एवढंसं मशीन आणि त्याची तार थेट हृदयात. बसवलं. दुखायचं ते दुखलं. घरी सोडताना मात्र त्यांनी बजावलं, दीड महिना डावा हात वर न्यायचा नाही, जोर लावायचा नाही, तार सरकते. मी विचारलं, धार काढलेली चालेल का? ते हसले. म्हणाले, आजी, धारा आता सुनेला काढू द्या.

सून तयारच होती हो. म्हैस तयार नव्हती.

तिची आई ती जन्मली तेव्हाच मेली, म्हणून मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. पुढं ती स्वतः व्यायली, पण माझ्याशिवाय कुणाच्या हाताला तिनं पान्हा सोडला नाही. या वेताचं रेडकूही जगलं नव्हतं, तेव्हा सगळा पान्हा माझ्याच हातावर. मला त्याचं केवढं कौतुक! शेजारणींना सांगत सुटायची, दुसऱ्याचा हात लागू देत नाही बरं का. लेकीच्या घरी गेले तरी संध्याकाळच्या एसटीनं माघारी यायची. सुनेला शिकवावं, तिचा हात म्हशीच्या अंगवळणी पडावा, हे कधी सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मला ते नकोच होतं.

सुनेनं माझं गोठ्यातलं लुगडं नेसलं, डोक्यावर पदर घेतला, माझ्यासारखी 'बाय माझी, बाय माझी' करत खाली बसली. म्हशीनं वास घेतला आणि सोडलं दूध. दोन दिवस घरात सगळे खूश. तिसऱ्या दिवशी म्हशीनं ओळखलं. चरवी लाथाडली, सुनेच्या मांडीवर लाथ बसली. मग पेंड पुढं ठेवून बघितली, पाय बांधून बघितले. दूध कासेत राहायला लागलं. मी खाटेवरून ऐकायची. म्हैस ओरडायची ते माझ्याच दिशेनं.

कास सुजली, एक सड दगडासारखा घट्ट झाला. जनावरांच्या डॉक्टरनं सुया दिल्या आणि सांगितलं, पिळून रिकामी करा, नाहीतर सड गेला. ते ऐकल्यावर मला राहवलं नाही. घरात कुणी नाही बघून गोठ्यात गेले. म्हटलं, उजव्या हातानंच काढीन. नुसता हात लावला तर तिनं पाय मोकळे केले, मान वळवून बघितलं आणि पान्हा सोडला. मला रडू आलं. घट्ट सडाला जोर लागत होता, तेव्हा डावा हात कधी खाली गेला ते कळलंच नाही. टाक्यांपाशी कळ आली तेव्हा कळलं.

तेवढ्यात लेक आला. ओरडला नाही. माझ्याजवळ उकिडवा बसला.

"आई, ऊठ. तार सरकली तर परत कापाकापी हाय. म्हैस दुसरी मिळंल."

मी म्हटलं, "हिला कोण मिळंल?"

त्यानं चरवी उचलून बाजूला ठेवली. मी उठले.

तो सड गेलाच. पुढच्या आठवड्यात जनावरांचा व्यापारी आला. कास चाचपली, मान हलवली. पिकअपमध्ये ती चढेना. शेवटी मलाच दावं धरायला बोलावलं. उजव्या हातात दावं धरून मी पुढं चालले आणि ती माझ्यामागून फळीवर चढली.

दीड महिन्यानं बारामतीला दाखवायला गेलो. मशीन व्यवस्थित चाललंय, डॉक्टर म्हणाले. आता सगळी कामं करा.

लेकानं माझ्या समाधानासाठी दुसरी म्हैस आणली. मी सुनेला म्हटलं, "पोरी, हिला पेंड तूच घालायची, पाणी तूच दावायचं. मी हात लावणार न्हाय."

तिला वाटलं मी रुसले.

"आत्या, असं काय करताय? तुमच्याबिगर गोठा असतोय व्हय?"

मी रुसले नव्हते. माझ्या हाताची सवय आता कुठल्या जीवाला लावायची नाही, एवढंच. पहाटे चरवीत धार वाजते, मी पडून ऐकते. सुनेचा हात अजून जरा घाई करतो. मी सांगत नाही. म्हशीला त्याची सवय झालीय.