पेडल नसलेली मशीन

देवसिंगदादा चालताना समोर बघत नसत, पायांकडे बघत. आमच्या फॅब्रिकेशनच्या दुकानाचं अंगण जेमतेम वीस पावलांचं, पण तेवढंही ते मान खाली घालूनच ओलांडायचे. मधेच वाकून एखादा वायसर नाहीतर स्क्रू उचलायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "खिळा पडला असन कुठी. गिऱ्हाइकाची गाडी पंक्चर होईन ना." आम्ही सगळे हसायचो. "दादा या खिळ्यांवरच तांड्यात माडी बांधणार," असं मीच एकदा म्हटलं होतं. तेही हसले होते.

दारव्ह्यातलं हे दुकान माझ्या वडिलांनी काढलं, आणि दादा त्यांचे पहिले वेल्डर. वडील गेले तेव्हा दुकान आता विकणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. मीही. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी दादांनी स्वतःच शटर वर केलं, मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर वडिलांची खुर्ची पुसून ठेवलेली. "बाई, तुमी इथं बसा. आगीचं मी पाह्यतो." बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बाई म्हणजे बहीण, आणि दादा ते तसंच म्हणायचे.

वेल्डिंग ते कानाने करायचे. भजी तळल्यासारखा आवाज आला की जोड चांगला, तडतड झाली की करंट जास्त. कुणाच्या कामातली खोट पाठमोरे उभे राहून सांगायचे. कौतुक केलेलं त्यांना सोसायचं नाही. "जोड गोरा असून काय करतं? टिकला पाह्यजे," म्हणायचे आणि पुन्हा काच तोंडावर ओढायचे.

पण कामं बदलली. हॉटेलवाले, डेअरीवाले स्टेनलेस स्टीलचे ओटे, टाक्या मागू लागले, आणि रॉडच्या वेल्डिंगने तो पातळ पत्रा जळून भोकं पडायची. गिऱ्हाइकं पुसदला जाऊ लागली. टिग मशीन घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यात एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार, आणि जोडावर आर्गॉन गॅसचं पांघरूण. मी महिनाभर वाचत होते, फोन करत होते. शेवटी वहीत लिहून काढलं की मशीन अ‍ॅल्युमिनियमही जोडणारी हवी आणि करंट कमीजास्त करायला पायाखाली पेडल हवं. पेडलने काम नाजूक होतं, असं सगळेच सांगत होते.

नागपूरला दुकानात दादांना घेऊन गेले. दुकानदार भला माणूस, त्याने पत्र्याचे तुकडे मांडले, पेडल दादांच्या पायाखाली सरकवलं आणि म्हणाला, "हळूच दाबा." दादांनी दाबलं. पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. दुसरा तुकडा दिला, त्यालाही पडलं. पस्तीस वर्षं आगीशी खेळलेला माणूस, आणि दुकानातली चार माणसं बघत होती. दादांनी काच वर केली.

"हे का शिलाई मशीन हाय? वेल्डिंग हाताचं काम. बटनवाली नाई का?"

टॉर्चवर बटन असलेली साधी मशीन होती. ती फक्त स्टील आणि लोखंड जोडायची. तिच्यावर त्यांनी पहिल्याच झटक्यात असा जोड घातला की दुकानदाराने तो तुकडा उचलून बाकीच्यांना दाखवला. करंजीला घातलेल्या मुरडीसारखा.

"दादा, उद्या अ‍ॅल्युमिनियमचं काम आलं तर?" मी विचारलं.

"आपल्याकडं कोन आनून राह्यलं अ‍ॅल्युमिनियम?"

"पेडल चार दिवसांत जमेल की."

"नाई जमत मले." एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी बटनवाली घेतली. मला भयंकर राग आला होता. म्हातारा हट्टी झालाय, नवीन काही शिकायला नको, असं मनात म्हणत एसटीत बसले. यवतमाळच्या स्टँडवर उतरलो तर दादांच्या एकाच पायात चप्पल. दुसरी एसटीतच राहिली होती आणि ते मशीनचं खोकं छातीशी धरून तसेच फलाटावरच्या खडीतून चालत होते. मी दाखवल्यावर त्यांनी खाली पाहिलं. "गेली वाटते," म्हणाले. मला हसू आलं, आणि माझा रागही गेला. मी धावत जाऊन चप्पल आणली. हे मी नंतर घरी सगळ्यांना रंगवून सांगितलं.

टिगचा आवाज होत नाही, म्हणून दादा तिला 'मुकी' म्हणायचे. पण वर्षभरात मुकीने पुसदला गेलेली गिऱ्हाइकं परत आणली. मीही दादांकडून थोडं शिकले. बटन सोडलं की माझा हात लगेच वर यायचा आणि जोड काळा पडायचा. "आग बंद झाली म्हून उठाचं नाई, बाई," ते म्हणायचे. "जोड अजून गरम हाय. गॅस येऊन राह्यला तवर तिथंच थांबाचं." प्रत्येक वेळी सांगावं लागायचं आणि ते प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे सांगायचे.

त्या दिवशी ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचं काम होतं, जुन्याच रॉडच्या मशीनवर. मला रबर जळाल्याचा वास आला. वायर पेटली समजून मी आत गेले. दादा वेल्डिंग करत होते आणि त्यांच्या चपलेतून धूर निघत होता. रॉडचं लालबुंद थोटूक टाच आणि चप्पल यांच्या मधे अडकलं होतं. मी ओरडले. त्यांनी काच वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे.

"अरे," ते म्हणाले. दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखं.

टाचेची जखम भरली नाही, पायभर चिघळत गेली. साखर बरीच जुनी निघाली. आधी बोटं गेली, मग यवतमाळला पाऊल काढलं, आणि नंतर विष रक्तात भिनलं. मी शेवटची भेटले तेव्हा त्यांनी आर्गॉनचं सिलिंडर आलं का ते विचारलं. मी आलं म्हणाले.

मला रडू आलं नाही. मसणवाटेवरून मंडळी परतली, मी दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, एका हॉटेलचा ओटा वेळेवर पोचवला. लोक म्हणाले, बाई धीराची. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. जेवण जेवत होते, चव कळत नव्हती.

दहाव्याला तांड्यावर गेले. दादांच्या बायको, कमळावहिनी, माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तीन सालं झाले, बाई. पायले काईच समजत नोतं त्याईच्या. पाहून पाहून पाय टाकत. नागपूरहून आले त मले म्हने, पायानं दाबाची मशीन होती, किती दाबलं तेच समजेना. म्हने, बाईले सांगजो नको. बाई माह्यं काम बंद करन, मले खुर्चीवर बसवन."

बसवलं असतं. मी त्यांना नक्की खुर्चीवर बसवलं असतं, दवाखान्यात नेलं असतं, आणि ते आज जिवंत असते. हे त्यांनाही ठाऊक असणार. तरी त्यांनी बटनवाली मशीन निवडली, आणि मी त्यांना हट्टी म्हटलं.

वहिनींनी आतून एक डबा आणला. "दुकानाचं सामान हाय म्हने. खिशातून काढून यात ठिवत. तुमाले वापस द्याचं म्हनत होते."

मी झाकण काढलं. नऊ वायसर, पाच स्क्रू, एक तुटका नट. तीन वर्षांचे. आमच्या अंगणात खरंच खिळे शोधणाऱ्याला एवढे एका सकाळीच सापडले असते.

जीपवाला हॉर्न वाजवत होता. वहिनी म्हणाल्या, "जा बाई, गाडी थांबली." मी डबा मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिले.