आजोबांचा राग

गेल्या उन्हाळ्यात मामेभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन मुकुंदवाडीला माझ्या घरी आला, तेव्हाच मी ओळखलं, स्वारीचं काहीतरी काम आहे. आई वारली तेव्हा हा पठ्ठ्या पाच मिनिटंसुद्धा टेकला नव्हता.

"ताई, पडेगावचं घर विकायलोय. वकील म्हणतो, आत्याची तू एकुलती, तुझी सही पाहिजे. नुसती फॉर्मॅलिटी."

ज्या घरात आईचा काडीचा हक्क नाही असं आम्ही जन्मभर ऐकलं, तिथं माझी सही कशाला? मी त्याच्या हातातले कागद हिसकावूनच घेतले.

वकिलानं शोधून काढलेलं आजोबांचं मृत्युपत्र होतं त्यात. आईनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून आजोबांनी तिला दारात उभं केलं नव्हतं. ते गेल्यावर मामा स्वतः सांगायला आले होते, "मरेस्तोवर तुझं नाव काढू दिलं नाय त्यांनी. तुला काय ठेवतेत?" आईनं ते खरं मानलं. भाड्याच्या खोल्या बदलत राहिली, पण माहेराकडं काही मागितलं नाही. कुणीतरी आजोबांचा फोटो आणून दिला, तर तोही परत केला. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाली, "लई कठोर बाप माझा. गेला, पण मला माफ नाय केलं त्यानं."

आणि इथं आजोबांनी लिहून ठेवलेलं, मागच्या दोन खोल्या मुलीच्या. खाली आणखी एक ओळ होती. 'तिच्यावरचा माझा राग केव्हाच गेला आहे, तिनं संकोच न करता यावं.'

ती ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे. मामेभाऊ पेन पुढं करून बसलेलाच. त्याला तसाच सोडून मी रिक्षा केली आणि पडेगाव गाठलं.

मामा ओट्यावर बसले होते. आता पार थकलेत. पण माझ्या अंगाची नुसती लाही झाली होती.

"मामा, खोल्या घेतल्या तर घेतल्या! चुलीत घाला त्या खोल्या! पण त्यांचा राग गेलाय, एवढं तरी तिला सांगायचं होतं ना? बाप कठोर म्हणत म्हणत मेली हो ती!"

मामांनी चष्मा काढून धोतराला पुसला. निदान खोटं तरी बोलले नाहीत.

"सांगितलं असतं तर ती आली असती ना, पोरी."

आली असती. अनवाणी धावत आली असती माझी आई.